भ गण

बटण दाबलं की पंखा फिरतो,
हिरवा दिवा लागतो, पडदा मात्र काळाच,
आणि पोटातून आवाज येतो :
एक लांब, दोन आखूड.
जरा थांबून पुन्हा
एक लांब, दोन आखूड.

एकतीस वर्षं मंगळवार पेठेत, महापालिकेच्या शाळेत,
मी वृत्तं शिकवली. मला हे आधीच कळायला हवं होतं.
गुरु, लघु, लघु. भानस.
यंत्र मला सरळ अक्षर सांगतंय
आणि मी बसलेय त्याच्या वायरी हलवत.

हा डबा सोसायटीच्या ऑफिसातला.
भंगारवाला साडेतीनशे देत होता, मी चारशे दिले
आणि लिफ्ट बंद असताना धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर
पायरी पायरी टेकवत आणला.
आत निघालं : बोटभर धूळ,
पालीच्या अंड्याचं टरफल,
आणि कुणाच्या तरी मेंटेनन्सची अर्धी पावती.

मागच्या आठवड्यात त्याचं बोलणं वेगळं होतं.
लांब, लांब, लांब.
मातारा. म गण. म्हणजे रॅम.
निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये आलेला खोडरबर सापडला,
त्यानं पट्टीच्या सोनेरी दातांवरचा काळपटपणा
हळूहळू काढला,
वहीतली चूक पुसावी तसा, कागद फाटू न देता.
म गेला, भ आला.
ही प्रगती आहे, मी शालनला सांगितलं.
शालन, माझी धाकटी बहीण,
मांडीवर ताट घेऊन सोफ्यावर जेवत होती.
"जेवणाचं टेबल आहे का टेल्कोचं वर्कशॉप?"
तिच्या भाजीत एक स्क्रू निघाला
त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही.

पंख्याचं बेअरिंग गेलंय, तेही ऐकू येतं :
लगागा लगागा लगागा लगागा.
स्वच्छ भुजंगप्रयात. त्या चालीवर
रात्री दीड वाजता दोन ओळी जुळल्या :
पुन्हा एकदा यंत्र हे बंद झाले
कुठे सैल काही कळेना मलाही
तिसरी आली नाही. तेवढ्यात लाईट गेली.

बुधवारी तापकीर गल्ली.
गाळा इतका अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं
तर मालकानं बाहेर यावं.
मालक अश्पाक बागवान. दहावी ब, शेवटचा बाक,
'गण पाडा'मध्ये दहापैकी दीड.
"एक लांब दोन आखूड ना मॅडम? ग्राफिक्स कार्ड.
डोळे झाकून सांगतो."
"भ," मी म्हणाले.
तो आधी हसला.
मग खोक्यात हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता,
यमाताराजभानसलगा,
एका दमात, कुठेही न अडखळता.
"म्हणजे तेव्हा पाठ होतं?"
"पाठ होतं मॅडम. कुठे लावायचं ते कळत नव्हतं."

वापरलेलं कार्ड, नऊशे.
विद्यार्थ्याशी घासाघीस करायची नाही असं ठरवून गेले होते.
साडेआठशे दिले.
"पंखा पण बदला, एकशे वीसमध्ये देतो."
म्हटलं, राहू दे.

रात्री कार्ड बसवलं. खाच सापडेपर्यंत
तीनदा चष्मा पुसला. मग 'कट्' असा आवाज,
माझ्या गुडघ्याचा नव्हे याची खात्री करून घेतली.
बटण.
काहीच नाही. पंखा आपला लगागा.
स्वयंपाकघरातून शालनसुद्धा दारात येऊन उभी.
आणि मग एकच,
आखूड.

ल.

सगळं ठीक असलं की एवढंच बोलतात म्हणे.
पडद्यावर अक्षरं आली, तारीख विचारू लागली.
तारखेसाठी कॅलेंडर शोधताना हाती आली अश्पाकची पावती,
व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहिलेली :
'गॅरंटी सात दीवस'.
दी दीर्घ.

लाल पेन काढलं, टोपणही काढलं.
मग परत लावलं.
सातच आहेत,
जरा लांब असू देत.